उन्हाळ्याच्या तोंडावरची फुलबाग : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

फाल्गुन सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. माघापर्यंत ‘हे फूल कोणते’ आणि ‘याचे कलम कसे बांधावे’ असे विचारणारे वाचक आता ‘झाड वाचेल का’ असे विचारू लागतात. या खेपेची पत्रे वाचताना मला सतत जाणवत राहिले, की उन्हाळ्यात आपले सगळे लक्ष पानांकडे आणि कळ्यांकडे असते, आणि त्या दिवसांत ज्यांची खरी काळजी घ्यायची त्या मुळांचा मात्र विसर पडतो. मुळांशी गारवा राहिला आणि मातीत वाफसा, म्हणजे बेताची ओल, टिकला, तर आपल्याकडची कितीतरी फुलझाडे ऐन वैशाखातही मनापासून फुलतात. काही पत्रे संक्षेपाने देऊन त्यांची उत्तरे खाली देत आहे.

प्रश्न : आमच्या गच्चीवर मोठ्या कुंडीत चार वर्षांपासून मोगरा आहे. पाने हिरवीगार आहेत, फांद्या लांबच लांब वाढतात, पण गेल्या उन्हाळ्यात जेमतेम पंधरा-वीस फुले मिळाली. कित्येक कळ्या जांभळट होऊन गळून पडल्या. दर पंधरवड्याला मी चिमूटभर युरिया घालते. काय चुकते आहे? (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : आपण वर्णन केलेली हिरवीगार पाने आणि लांब फांद्या हेच फुले न येण्याचे कारण सांगत आहेत. युरियातून झाडाला केवळ नत्र मिळते आणि नत्राच्या जोरावर मोगरा पानेच वाढवत राहतो. युरिया आजपासून पूर्ण बंद करावा.

मोगऱ्याचे फूल नव्या फुटीच्या शेंड्यावर येते, ही एक गोष्ट लक्षात ठेवली की त्याची बाकीची निगा आपोआप उमगते. जी फांदी न छाटता तशीच लांब वाढू दिली, तिला फुले येण्याची जागा एकच राहते. तीच फांदी अर्ध्यावर छाटली, तर तिला तीन-चार फुटवे येतात आणि प्रत्येक फुटव्याच्या टोकाशी कळ्यांचा झुबका धरतो. ही छाटणी करण्याचा योग्य काळ म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. त्याआधी आठ-दहा दिवस पाणी तोडावे, झाडाला विश्रांती मिळू द्यावी, मग सर्व फांद्या निम्म्यावर आणाव्यात, उरलेली पाने हाताने काढून टाकावीत आणि त्यानंतर खत व पाणी द्यावे. आपला हा काळ हुकला असला तरी निराश होऊ नये. चैत्राच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत हलकी छाटणी, म्हणजे प्रत्येक फांदीचा वरचा एक तृतीयांश भाग काढणे, चालते आणि साधारण महिना-दीड महिन्यात कळ्या दिसू लागतात. एवढ्या उशिरा पाणी तोडणे आणि पाने ओरबाडणे हे मात्र करू नये, कारण उन्हाच्या तडाख्यात झाडाला तो ताण सोसत नाही.

चार वर्षे एकाच कुंडीत असलेल्या मोगऱ्याची मुळे आता कुंडीच्या भिंतींना गोल वेढे घालून बसली असतील. कुंडी बदलण्याचे काम जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर करावे. तोपर्यंत वरची दोन इंच माती खुरपीने अलगद काढून तिच्या जागी पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत भरावे आणि सोबत मूठभर हाडांचे खत मिसळावे. पंधरा दिवसांनी एकदा शेंगदाण्याच्या पेंडीचे पाणी द्यावे : शंभर ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात दोन-तीन दिवस झाकून ठेवावी, मग ते पाणी दहापट पातळ करून, आधी साध्या पाण्याने भिजवलेल्या मातीत घालावे. कोरड्या मातीत खत घातले तर मुळे पोळतात. फुलांचा एक बहर ओसरला की फुलाखालच्या पानांच्या दोन जोड्यांसह शेंडा खुडावा, म्हणजे पुढचा बहर धरतो. मोगऱ्याला दिवसाचे निदान पाच-सहा तास थेट ऊन हवे. ते गच्चीवर आपल्याला मिळतेच आहे, तेव्हा त्याच्यावर हिरवी जाळी धरू नये.

जांभळट होऊन गळणाऱ्या कळ्यांचा प्रश्न निराळा आहे. एक अगदी बारीक माशी कोवळ्या कळीत अंडी घालते, आतल्या अळ्या कळी खातात आणि पुढे मातीत उतरून कोष करतात. म्हणून अशा कळ्या दिसताच खुडाव्यात, कुंडीत पडलेल्याही वेचाव्यात आणि साबणाच्या कढत पाण्यात बुडवून मग टाकाव्यात. कुंडीतील वरची माती आठवड्यातून एकदा हलवून उन्हाला दाखवावी. तीन-चार आठवडे हे नेमाने केले तर त्या माशीची पुढची पिढीच कमी होते. केसांत माळायच्या आणि देवाला वाहायच्या फुलांवर विषारी औषध फवारावे, असे मला कधीच वाटत नाही.

शेवटची एक गोष्ट. आपला मोगरा बटमोगरा, म्हणजे गुलाबासारखा गच्च पाकळ्यांचा असेल, तर त्याला एकेरी मोगऱ्याच्या मानाने फुले कमीच येतात. तो त्या जातीचा स्वभाव आहे. फुगलेल्या पांढऱ्या कळ्या दिवस मावळण्यापूर्वी काढून ओल्या फडक्यात ठेवल्या, तर रात्री घरात उमलतात आणि सगळा वास घरालाच मिळतो.

प्रश्न : दुपारी बाराच्या सुमारास कुंड्यांतील झाडे माना टाकतात. मी लगेच पाणी देतो, संध्याकाळीही देतो, तरी दोन झाडे खालून पिवळी पडून मेली. नागपूरच्या उन्हात नेमके किती पाणी द्यावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपली दोन झाडे बहुधा तहानेने नव्हे, अतिपाण्याने गेली असावीत. भर दुपारी पानांतून पाणी उडून जाण्याचा वेग इतका असतो, की माती ओली असूनही मुळे तेवढे पाणी वर चढवू शकत नाहीत. झाड मान टाकते, पाने मिटवते आणि स्वतःला वाचवते. असे झाड सूर्य कलल्यावर पुन्हा ताठ होत असेल, तर त्याला दुपारी पाणी देण्याची काहीच गरज नाही. संध्याकाळी सातनंतरही पाने लोंबलेली असतील किंवा सकाळी उठून पाहावे तो झाड मलूल असेल, तर मात्र माती तपासावी. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावे. आत ओल लागली तर थांबावे, कोरडे लागले तर भरपूर पाणी द्यावे. माती ओली आणि झाड तरीही सकाळी मलूल, याचा अर्थ मुळे कुजू लागली आहेत, आणि आपण बहुधा नेमके तेव्हाच आणखी पाणी घातले असणार.

किती पाणी, याला एकच आकडा सांगता येत नाही, कारण तो कुंडीच्या आकारावर, मातीवर आणि जागेवर ठरतो. पण पद्धत सांगता येते. सकाळी आठच्या आत, कुंडीच्या तळाच्या छिद्रातून पाणी बाहेर येईपर्यंत एकदाच सावकाश पाणी द्यावे. दिवसातून चार वेळा थोडे थोडे शिंपडल्याने केवळ वरचा थर भिजतो, मुळे त्या थराकडे वर येतात आणि दुपारी तिथेच भाजून निघतात. गच्चीवरची टाकी आणि उन्हात पडलेली नळी यांतले दुपारचे पाणी हाताला चटका बसावा इतके तापलेले असते, हेही विसरू नये. नळीने पाणी देण्यापूर्वी तिच्यातले पहिले पाणी बादलीत सोडून द्यावे.

कधी कधी पाणी घालताच ते क्षणात खालून वाहून जाते आणि आपल्याला वाटते की कुंडी भिजली. प्रत्यक्षात माती वाळून आक्रसलेली असते, तिच्या आणि कुंडीच्या मध्ये फट पडलेली असते आणि पाणी त्या फटीतून निघून जाते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेल्या कुंड्यांत हे हटकून होते. अशी कुंडी पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी आणि नंतर निथळू द्यावी.

याहून महत्त्वाचे म्हणजे कुंडीच तापू देऊ नये. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या पश्चिमेच्या उन्हात ठेवल्या, तर भिंतीलगतची मुळे जवळजवळ शिजतात. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवाव्यात, मोठ्या कुंड्या पश्चिमेला आणि लहान त्यांच्या सावलीत. तापलेल्या फरशीवर त्या थेट न टेकवता विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर ठेवाव्यात. मातीवर दोन इंच जाडीचे आच्छादन घालावे. वाळका पाला, उसाचे पाचट, नारळाच्या शेंड्या, जे हाताशी असेल ते चालते. फक्त खोडाभोवती दोन बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर खोड कुजते. मातीची कुंडी स्वतः पाझरते आणि थंड राहते, पण तिला पाणी जास्त लागते. दोन्ही गुण एकाच कुंडीत मिळत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे नळाला पाणी बऱ्याच दिवसांच्या अंतराने येते. अशा गावात फुलझाडांना पाणी घालणे मनाला पटत नाही, आणि आईने लावलेली झाडे मरू देणेही जमत नाही. काय करावे? (एक वाचक भगिनी, लातूर)

उत्तर : ज्या शहरासाठी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरातून आलेला हा प्रश्न मी फार आदराने वाचला. आपल्या मनातली टोचणी योग्यच आहे, आणि तरीही आईची झाडे जगवता येतील.

प्रथम संख्या कमी करावी. सर्व कुंड्यांना थोडे थोडे पाणी घालून सगळीच अर्धमेली ठेवण्यापेक्षा, आईच्या आठवणीची पाच-सहा झाडे निवडून ती नीट जगवावीत आणि बाकीची ज्यांच्याकडे विहीर किंवा बोअर आहे अशा नातेवाइकांकडे उन्हाळ्यापुरती ठेवावीत. निवडलेल्या झाडांना घरात एकदा वापरलेले पाणी द्यावे. तांदूळ, डाळी, भाज्या आणि फळे धुतलेले पाणी उत्तम असते. ते मात्र त्याच दिवशी घालावे, साठवून आंबू देऊ नये. कपड्यांच्या साबणाचे पाणी, मीठ घातलेले भाज्या उकडलेले पाणी आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी कुंड्यांना देऊ नये. या शेवटच्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. कुंडीत ते साचत जातात आणि पानांच्या कडा करपू लागतात. फरशी पुसायला ते पाणी उपयोगी पडते.

जमिनीतल्या किंवा मोठ्या कुंडीतल्या झाडासाठी मटका सिंचनाइतका चांगला उपाय मला माहीत नाही. न रंगवलेले, न चकाकवलेले लहान मातीचे मडके झाडाच्या मुळांपासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकणी ठेवावी. माती कोरडी होईल तसे मडके पाझरते, आणि माती ओली असेल तेव्हा पाझर मंदावतो. वरचा पृष्ठभाग कोरडाच राहत असल्यामुळे पाणी उडून जात नाही. झाकणी विसरू नये, नाहीतर त्यात डास होतील. आणि या दोन महिन्यांत आईच्या झाडांकडून फुलांची अपेक्षा ठेवू नये. कळ्या दिसल्या तर खुडून टाकाव्यात, झाडाला खत घालू नये, त्याला नुसते जगू द्यावे. पाऊस पडला की ते आपणहून सावरेल.

प्रश्न : जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन पाहून हौसेने पिटुनिया, पॅन्सी, डॉग फ्लॉवर आणि शेवंती अशी रोपे आणली. आता सगळी वाळत चालली आहेत. ती कशी वाचवावीत? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पॅन्सी आणि डॉग फ्लॉवर यांना आता निरोप द्यावा. ही हंगामी फुले थंडीची आहेत. उन्हे तापू लागली की त्यांचे काम संपते आणि त्यात आपल्या निगेचा दोष नाही. पिटुनिया अर्ध्यावर छाटून सकाळच्याच उन्हात ठेवली तर आणखी काही आठवडे फुले देते, पण तिच्यासाठी फार पाणी खर्चू नये असे मी म्हणेन. शेवंतीची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती बहुवर्षायू आहे, म्हणून तिला फेकून देऊ नये. वाळलेल्या दांड्या मातीपासून चार बोटांवर कापाव्यात, कुंडी सावलीच्या, पण उजेडाच्या जागी न्यावी आणि माती जेमतेम ओली ठेवावी. बुंध्यातून कोवळे फुटवे येतील. जून-जुलैमध्ये त्यांचीच छाटकलमे करून लावली, की दिवस लहान होऊ लागल्यावर शेवंती पुन्हा कळ्या धरेल.

मोकळ्या झालेल्या कुंड्यांत ज्यांना हा उन्हाळा आपला वाटतो अशी फुले लावावीत. झिनियाचे बी आता थेट कुंडीतच अर्धा सेंटीमीटर खोल पेरावे, कारण तिला रोप उपटून दुसरीकडे लावलेले मानवत नाही. बी आठवड्याभरात उगवते आणि साधारण दोन महिन्यांत फुले येतात. रोप वीतभर झाल्यावर त्याचा शेंडा खुडला तर ते फांदारते. गलांडा, पिवळा-केशरी कॉसमॉस आणि सूर्यफूल हीही याच हंगामाची मंडळी आहेत. पेरल्यावर कुंडीवर ओले गोणपाट पसरावे आणि पहिला कोंब दिसताच त्याच संध्याकाळी काढून घ्यावे. एक दिवस जरी उशीर झाला तरी रोपे लांबट आणि फिकट होतात. चिनी गुलाबाला बियाची गरजच नाही. त्याची बोटभर फांदी मातीत खोचली की ती रुजते आणि भर दुपारी, जेव्हा बाकीची बाग डोळे मिटून बसते, तेव्हा त्याची फुले लखलखत असतात. सदाफुली तर मूळची मादागास्करची, पण आपल्या दगडांच्या फटींतही ती घर करते. तिला एकाच गोष्टीने इजा होते, ती म्हणजे आपण मायेने घातलेले जास्तीचे पाणी.

प्रश्न : गुलाबाची पाने धुरकट झाली आहेत, मागे बारीक जाळी दिसते, आणि काही फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली वाळत येत आहेत. आता छाटणी करावी का? (एक वाचक, संगमनेर)

उत्तर : भारी छाटणी आता मुळीच करू नये. गुलाबाची मोठी छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास करायची असते. आता छाटले तर उघड्या पडलेल्या खोडाला ऊन लागून ते करपते. काळी पडणारी फांदी मात्र थांबवावी लागेल : काळ्या भागाच्या खाली एक इंचावर, आतला गर पांढरा-हिरवट दिसेल तिथे धारदार कात्रीने तिरका काप घ्यावा आणि कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावावी. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसावी.

पानांमागची जाळी लाल कोळ्याची आहे. कोरड्या उष्ण हवेत तो झपाट्याने वाढतो आणि ओलावा त्याला सोसत नाही, म्हणून सकाळी पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या मागच्या बाजूला मारावा, दर तीन दिवसांनी, निदान पाच वेळा. कोळ्यावर साधे कीटकनाशक मारण्याची चूक अनेकजण करतात. त्याने कोळी मरत नाही, त्याला खाणारे मित्रकीटक तेवढे मरतात आणि कोळी दुपटीने वाढतो. गंधकाची फवारणी कोळ्यावर चालते हे खरे, परंतु पारा पस्तिशीकडे गेला की गंधकाने पानेच भाजतात. एप्रिल-मेमध्ये ती टाळलेलीच बरी. कलमाच्या जोडाखालून एखादी जोमदार, वेगळ्या पानांची फांदी फुटली असेल तर ती बुंध्यापासून काढून टाकावी. ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या खालच्या झाडाची असते आणि वरचे कलम उपाशी ठेवते.

प्रश्न : जास्वंदीला कळ्या भरपूर येतात, पण उमलण्याआधीच गळतात. फांद्यांवर कापसासारखे पांढरे काहीतरी साचले आहे आणि मुंग्यांची रांग सतत असते. (एक वाचक भगिनी, ठाणे)

उत्तर : ते कापसासारखे दिसते ते पिठ्या ढेकूण. तो झाडाचा रस शोषतो आणि अंगातून गोड चिकटा बाहेर टाकतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात, त्याला शत्रूंपासून सांभाळतात आणि एका फांदीवरून दुसरीवर नेऊन पोचवतात. त्यामुळे मुंग्यांचा बंदोबस्त न करता ढेकणावर केलेला कोणताही उपाय आठ दिवसांपलीकडे टिकत नाही. कुंडी विटांवर ठेवून त्या विटा पाणी भरलेल्या ताटात ठेवाव्यात, आणि झाडाची एकही फांदी भिंतीला किंवा गॅलरीच्या जाळीला टेकणार नाही असे पाहावे, म्हणजे मुंग्यांची वाट तुटते. ताटातले पाणी रोज बदलावे. मग सर्वांत जास्त बाधित शेंडे कापून, पिशवीत बांधून फेकावेत, उरलेल्या ढेकणांवर जुन्या दात घासायच्या ब्रशने साबणाचे पाणी लावून ते घासून काढावेत आणि दुसऱ्या दिवशी झाड स्वच्छ पाण्याने धुवावे. त्यानंतर आठवड्यातून एकदा, एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर लिंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण चांगला घुसळून, सूर्य मावळल्यावर फवारावे. उन्हात तेल फवारले तर पाने करपतात, आणि संध्याकाळी मधमाश्याही परतलेल्या असतात. कुंडीचा तळ आणि काठ यांच्याखाली एकदा वाकून जरूर पाहावे. पिठ्या ढेकूण तिथे लपलेला असतो आणि आपण वर झाड धूत राहतो.

ढेकूण नसतानाही जास्वंदीच्या कळ्या गळत असतील, तर दोन शक्यता पाहाव्यात. एक दिवस माती पूर्ण कोरडी आणि दुसऱ्या दिवशी चिंब, असा पाण्यातला अनियमितपणा जास्वंद फार मनावर घेते. दुसरे म्हणजे कळी उघडून पांढऱ्या कागदावर झटकावी. काळे-पिवळे अगदी बारीक लांबट किडे हलताना दिसले तर ते फुलकिडे आहेत, आणि त्यांनाही वर सांगितलेली लिंबोळी तेलाची फवारणी पुरते.

प्रश्न : अंगणात आजीच्या वेळेपासून अबोली आहे. यंदा एकेक झाड पिवळे पडून खुरटत आहे. उपटून पाहिले तर मुळांवर गाठी दिसल्या. (एक वाचक भगिनी, फोंडा, गोवा)

उत्तर : त्या गाठी सूत्रकृमींच्या आहेत आणि अबोलीला हा रोग पूर्वीपासून सतावत आला आहे. डोळ्यांना न दिसणारे हे कृमी एकाच जागी वर्षानुवर्षे अबोली राहिली की मातीत वाढत जातात. गाठी झालेले झाड बरे होत नाही. ते मुळांसकट काढून जाळावे, खताच्या खड्ड्यात टाकू नये. आपल्या हाती आता कडक उन्हाचे दोन महिने आहेत, त्यांचा उपयोग करून घ्यावा. ती जागा हातभर खोल खणून, एकदा भिजवून, पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदाने कडा दाबून चार-सहा आठवडे झाकून ठेवावी. आतली माती तापते आणि कृमी मोठ्या प्रमाणावर मरतात. त्यानंतर पावसाळ्यात तिथे झेंडू लावावा, कारण झेंडूच्या मुळांतून सूत्रकृमींना मारक द्रव्ये निघतात; अबोली पुढच्या वर्षी पुन्हा लावावी आणि लावताना मातीत निंबोळी पेंड मिसळावी.

आजीची जात मात्र जाऊ देऊ नये. निरोगी झाडाची पिकलेली, तपकिरी बोंडे कापडी पिशवीत गोळा करावीत. बोंडाला ओल लागली की ते टचकन फुटून बी दूर उडते, म्हणून ती सकाळी दव वाळल्यावर काढावीत. बी नव्या मातीत, नव्या कुंडीत, सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी पेरावे. अबोलीला वास नाही, तरी केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात विणलेली तिची वेणी दिवसभर टवटवीत राहते, आणि आपल्याकडे तिला जो मान आहे तो त्या रंगासाठी आणि त्या टिकाऊपणासाठीच आहे. आपली मूळ रोपे वाचावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : अनंताची पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, कळ्या तपकिरी होऊन गळतात. पाणी बोअरचे आहे. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, हे लोहाच्या कमतरतेचे चिन्ह आहे. आपल्या भागातील मातीत चुनखडी असते आणि बोअरचे पाणी जड. अनंताला मात्र आंबट माती लागते. मातीत लोह असूनही अशा मातीतून ते त्याला घेता येत नाही. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून ते पाणी पंधरा दिवसांनी एकदा मातीत द्यावे. पावसाळ्यात कुंडी बदलताना कोकणातली तांबडी माती, कोकोपीट आणि शेणखत यांचे मिश्रण वापरावे. पावसाचे पाणी साठवता आले तर ते अनंतासाठी राखून ठेवावे. कळ्या धरल्यानंतर कुंडीची जागा हलवू नये आणि झळांपासून आडोसा द्यावा.

प्रश्न : सोनचाफ्याचे कलम आणि निशिगंधाचे कंद अक्षय तृतीयेला लावावेत असे सासूबाई म्हणतात. योग्य आहे का? (एक वाचक भगिनी, कराड)

उत्तर : निशिगंधाच्या बाबतीत सासूबाईंचे म्हणणे अगदी योग्य आहे. एप्रिल-मे हाच त्याच्या लागवडीचा काळ. सुपारीपेक्षा थोडे मोठे, टणक कंद निवडावेत, वीतभर अंतराने, दोन इंच खोल लावावेत आणि कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानेच द्यावे. वासासाठी एकेरी फुलांची जात घ्यावी. शृंगार आणि प्रज्वल या एकेरी जाती आहेत, तर सुवासिनी दुहेरी असून फुलदाणीत अधिक शोभते. साधारण तीन-चार महिन्यांनी दांडे येऊ लागतात.

सोनचाफ्याला मात्र थांबावे. अक्षय तृतीयेला कलम न लावता त्याचा खड्डा खणावा : दोन फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल. तो पंधरा-वीस दिवस उन्हात तापू द्यावा, मग वरची चांगली माती, दोन पाट्या कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड यांनी भरावा. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर कलम लावावे. सासूबाईंचा मुहूर्तही साधेल आणि कलमही जगेल.

प्रश्न : फुटबॉल लिलीला दोन वर्षे नुसती पाने येतात. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपण बहुधा थंडीतही तिला पाणी देत राहिलात किंवा कंद दरवर्षी उकरून हलवला. डिसेंबर ते मार्च तिला कोरडी झोप लागते आणि कंदाला एकाच जागी दाटीने राहायला आवडते. पाने हिरवी असेपर्यंत कापू नयेत, कारण पुढच्या फुलाचे अन्न तीच तयार करतात. आता कंदाचे तोंड मातीच्या पातळीशी आहे एवढे पाहावे, एप्रिलच्या अखेरीस एकदा भरपूर पाणी द्यावे आणि मग कोंबाची वाट पाहावी. मे महिन्यात एखाद्या वळवाच्या सरीनंतर, पानांच्याही आधी, तो लाल गोळा जमिनीतून वर आलेला दिसेल.